सशाखाली काय घालावं? भुशाच्या पिशवीपासून सोलापुरी चादरीपर्यंत

ससा विकत घेतला की दुकानदार सोबत दोन वस्तू हमखास गळ्यात मारतो: तळाला जाळी असलेला तारेचा पिंजरा आणि पिशवीभर लाकडाचा भुसा. जाळी ही पैदास केंद्रांची सोय आहे. लेंड्या आणि लघवी खाली गळून पडतात आणि एका माणसाला कितीतरी पिंजरे सांभाळता येतात. घरात दोनच ससे असतील तर त्या सोयीची गरज कुणालाच नाही, आणि सशाच्या पायाला मात्र ती जाळी चोवीस तास रुतत राहते. भुशाचं म्हणाल, तर तो कोणत्या लाकडाचा हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आमच्याकडे दोन ससे आहेत, प्रत्येकी दोन किलोच्या आसपास, दोघांचीही नसबंदी झालेली. पुण्यातला फ्लॅट, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती आणि एप्रिलमध्ये चाळिशीला टेकणारा पारा. सशांच्या अंथरुणाबद्दल इंग्रजीत जे सल्ले मिळतात ते बहुतेक थंड देशांतल्या घरांसाठी दिलेले असतात. ते इथे जसेच्या तसे चालत नाहीत. म्हणून एकेक वस्तू घरी आणून, तपासून, वापरून आणि गरज पडली तिथे काढून टाकून आमची मांडणी ठरत गेली.

आधी कामांची वाटणी केली. सशाखालच्या अंथरुणाची तीन कामं असतात: लघवी शोषणं, बसल्या-झोपल्या जागी पायाला मऊपणा देणं आणि पळताना पकड देणं. तिन्ही कामं एकच वस्तू नीट करत नाही. पिंजराभर भुसा पसरला तर ससा त्यातच मुततो, त्यातच बसतो आणि तोच भुसा घरभर करतो. लिटर ट्रे (लघवी-लेंड्यांसाठीचा ट्रे) वेगळा, बसायची जागा वेगळी, पळायची जमीन वेगळी, असं केलं की प्रत्येक ठिकाणची निवड सोपी होते.

तिन्हींवर एक अट मात्र सारखीच लागू पडते. सशाखाली जे घालाल ते आज ना उद्या त्याच्या तोंडात जाणार. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि कुरतडणं हा त्याचा दिवसभराचा उद्योग असतो. त्यात सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेली चुकीची वस्तू एक तर पुढे सरकते किंवा आतडं अडवते. म्हणून कुठलीही वस्तू घेताना ‘किती मऊ’ आणि ‘किती शोषते’ हे प्रश्न आम्ही मागे ठेवले. पहिला प्रश्न एकच: ही पोटात गेली तर काय होईल? या एका चाळणीतच अर्धा बाजार गळून पडतो.

वस्तू आणण्याआधी सशांचे पाय बघून घेतले. कुत्र्या-मांजराच्या पंजाला खाली गादी असते, तशी सशाला नसते. तळव्यावर फक्त दाट केस असतात आणि बसलेला ससा बरंचसं वजन मागच्या पायांच्या टाचांवर टाकतो. जाळी, खरखरीत पायपुसणं किंवा सतत ओली जागा मिळाली की टाचेवरचे केस झिजतात, कातडी लाल होते, मग खपली धरते आणि शेवटी जखम चिघळते. ही जखम बरी व्हायला महिने लागू शकतात, कारण त्याच पायावर ससा रोज बसतो. रेक्स जातीच्या सशांच्या तळव्यांवर केस मुळातच विरळ, त्यामुळे त्यांना हा त्रास लवकर होतो. अंगाने जड असलेल्यांनाही होतो. नखं वाढलेली असली तर पंजा पुढून उचलला जातो आणि सगळा भार टाचेवर येतो, म्हणून नखं कापणं हाही अंथरुणाचाच भाग समजावा.

पाय बघायची रीत अशी: आपण जमिनीवर बसायचं, सशाची पाठ आपल्या पोटाला टेकवून त्याला मांडीत धरायचं, कमरेखाली हात द्यायचा आणि दुसऱ्याने टाचेवर हलकी फुंकर मारायची. केस बाजूला होतात आणि कातडी दिसते. फिकट गुलाबी आणि कोरडी असेल तर ठीक. लाल, चकचकीत, सुजलेली किंवा खपली धरलेली दिसली तर डॉक्टर. सशाला गाफील पाठीवर उताणा पाडून पाय बघायला काही जण सांगतात. तो निपचित पडतो तो आरामाने नव्हे, भीतीने. तसं करू नये.

आता भुसा. सॉ मिलमध्ये एकाच ढिगात सागवान, बाभूळ, कडुनिंब, निलगिरी, जे कापलं जाईल ते पडतं. फर्निचरच्या कारखान्यातल्या ढिगात त्याच्या जोडीला प्लायवुड आणि एमडीएफची भुकटी असते आणि त्यात फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंक असतो. सागाच्या भुकटीने सुतारांनाही शिंका येतात, कातडीला खाज सुटते. जमिनीपासून चार बोटांवर नाक असलेल्या सशाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनवुडचे, रंधा मारताना निघालेले ढलपे स्वच्छ दिसतात, पण आयात-निर्यातीच्या लाकडी पॅलेटवर कीडनाशाची प्रक्रिया केलेली असते. शिक्क्यावर ‘एचटी’ असेल तर नुसती उष्णता दिलेली असते, ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी. ढलपे पिशवीत भरले की तो शिक्का कुठला दिसायला!

सुवासिक लाकडांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. देवदार आणि ओलसर पाइन यांतून उडणाऱ्या द्रव्यांमुळे यकृतातली विकरं (एन्झाइम) वाढतात. प्रयोगशाळेतल्या लहान-मोठ्या उंदरांवर मऊ लाकडाच्या अंथरुणाचा हा परिणाम १९६७ सालीच ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला होता. यकृत असं जादा कामाला लागलं की भुलीचं किंवा इतर औषध शरीरातून ठरल्यापेक्षा लवकर निघून जाऊ शकतं. त्यामुळे लाकडाला जितका छान वास, तितकं ते सशासाठी वाईट. देवदार तर कोणत्याच रूपात नको. पाइन चालतं, पण भट्टीत वाळवलेलं. कारण वाळवताना ही उडून जाणारी द्रव्यं बरीच कमी होतात.

दबावाखाली बनवलेल्या पाइनच्या पेलेट, म्हणजे मांजरांच्या लिटर म्हणून विकतात त्या कांड्या, या कसोटीला उतरतात. पण सगळ्या नाही. पिशवीवर सुगंध, बेकिंग सोडा, ‘गुठळी होणारं’ असं काही लिहिलं असेल तर ती परत ठेवायची. जळणासाठी विकल्या जाणाऱ्या बायोमास पेलेट स्वस्त मिळतात, दिसतातही तशाच. पण त्यांत शेतातला काडीकचरा, शेंगांची टरफलं, बगॅस (उसाचं चिपाड), काय वाट्टेल ते दाबलेलं असतं. त्या बॉयलरसाठीच राहू द्याव्यात.

नवी पिशवी आणली की तीन चाचण्या घरच्या घरी होतात. पहिली धुळीची: मूठभर माल पारदर्शक पिशवीत घालून जोरात हलवायचा आणि खिडकीतल्या उन्हात तोंड उघडून धरायचं. कवडशात भुकटीचा ढग दिसला तर माल चाळून घ्यायचा, पुन्हा दिसला तर नाकारायचा. दुसरी वासाची: घट्ट झाकणाच्या बरणीत अर्ध्यापर्यंत पेलेट भरून तासभर उन्हात ठेवायची आणि झाकण उघडताच हुंगायचं. हलका लाकडाचा वास ठीक. टर्पेंटाइनसारखा नाकात चढणारा किंवा अत्तरी वास नको. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: शंभर ग्रॅम पेलेट पातेल्यात घेऊन त्यावर तीनशे मिली कोमट पाणी ओतायचं. अर्ध्या तासात कांड्यांचा मोकळा भुसा झाला पाहिजे. चिकट गोळा किंवा लगदा झाला तर आत काहीतरी मिसळलेलं आहे आणि पोटातही तसाच गोळा होणार.

हीच पाण्याची चाचणी मांजरांच्या बेंटोनाइट मातीच्या लिटरवर करून बघावी. दोन मिनिटांत ओल्या सिमेंटसारखा गोळा तयार होतो. मांजर तो खात नाही, ससा चाटतो आणि खातोही. शिवाय तिची बारीक धूळ नाकात जाते. मातीचं लिटर, सिलिका जेलचे खडे आणि मक्याच्या कणसाचे दाणेदार तुकडे, तिन्ही बाद. कणसाचे तुकडे नैसर्गिक म्हणून खपवतात, पण गिळले तर आतड्यात अडकतात आणि दमट हवेत त्यांना बुरशी लगेच धरते.

इथल्या हाताशी असणाऱ्या वस्तूंचाही विचार करून झाला. कोकणात आणि मावळात भाताचं तूस मुबलक मिळतं, पोल्ट्रीत अंथरतातही. पण ते फारसं शोषत नाही, टोकं टोचतात आणि उडतं फार. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा चुरा, शोषण्यात भुशापेक्षा सरस. ओलं असताना गुणी, वाळलं की घरभर तपकिरी पूड. बाल्कनीतल्या उकरायच्या टबात ते किंचित ओलसर ठेवून चालतं, लिटर ट्रेमध्ये नाही. काथ्याचे लांब धागे मात्र सशाजवळही नकोत, बोटांना गुंडाळतात. उसाचं चिपाड पश्चिम महाराष्ट्रात कुणीही फुकट देईल. साखरेचा अंश राहिल्याने ते आंबतं आणि बुरशी धरतं. अशा बुरशीच्या बगॅसची धूळ श्वासात गेल्याने माणसांना फुप्फुसाचा आजार होतो, त्याला बगॅसोसिस असंच नाव आहे. इवल्या फुप्फुसांच्या प्राण्याला त्यावर बसवायचं कारण नाही.

वर्तमानपत्र चालतं, पण तळाला. साध्या न्यूजप्रिंटचे चार-पाच थर ट्रेच्या बुडाशी घातले की ट्रे उचलून ओतायला सोपा जातो. गुळगुळीत रंगीत पुरवण्या आणि जाहिरातींची पत्रकं काढून टाकायची. नुसत्या कागदावर ससा ठेवला तर दोन तासांत ओला कागद तळव्याला चिकटतो आणि वास तर अजिबात दबत नाही. ऑफिसच्या श्रेडरमधल्या पट्ट्या फुकट मिळतात. त्यांत पिना आणि चिकटपट्टीचे तुकडे असतात, ते निवडत बसण्यापेक्षा नको म्हणणं बरं.

ट्रेची मांडणी आमची अशी आहे. साठ बाय चाळीस सेंटिमीटरचा आयताकृती प्लास्टिकचा स्टोरेज टब, म्हणजे दोघं शेजारी शेजारी बसू शकतात. मागची भिंत वीस सेंटिमीटर तरी उंच हवी, कारण काही ससे ढुंगण वर करून मुततात. पुढची बाजू गरम सुरीने दहा सेंटिमीटरपर्यंत उतरवून कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली. तळाला वर्तमानपत्र, त्यावर दीड सेंटिमीटर पेलेट. या मापाच्या टबाला साधारण साडेतीन लिटर, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास माल लागतो. जास्त घालू नये. भिजल्यावर कांडी फुगून दुप्पट-तिप्पट होते. सशाची लघवी दर किलो वजनामागे दिवसाला शंभर ते सव्वाशे मिलीपर्यंत असू शकते, म्हणजे या दोघांची मिळून जवळपास अर्धा लिटर. पेलेटचा थर ती पेलतो, पण एकाच कोपऱ्यात नाही. म्हणून रोज सकाळी भिजलेला कोपरा पत्र्याच्या छोट्या फावड्याने काढायचा आणि दोन-तीन मुठी नवा माल टाकायचा.

पेलेटवर सुक्या गवताचा थर हवाच. त्याने तळवे कोरडे राहतात, पेलेट खायचा मोह होत नाही (खुराकाच्या गोळ्या खाणाऱ्या सशाला लाकडाची कांडीही खाऊच वाटते), आणि ससा खाता खाता लेंड्या टाकतो हा त्याचा स्वभावच कामाला येतो. खायचं गवत ट्रेच्या एका टोकाला रचून ठेवलं की तो तोंड गवतात आणि बूड दुसऱ्या कोपऱ्यात अशी बैठक मारतो. ट्रेची सवय लावायला याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. नवा ट्रे सुरू करताना जुन्या ट्रेतलं मूठभर मुतलेलं गवत आणि काही लेंड्या त्यात ठेवायच्या. नसबंदी न झालेला ससा मात्र ट्रेबाहेर खुणा करणारच. चार ते सहा महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया झाली की हे खूप कमी होतं.

गवताची निवड हा इथला खरा कस लागणारा भाग. आयात केलेलं टिमोथी गवत उत्तम, पण ते अंथरायला वापरणं म्हणजे चैन. ते खायला ठेवावं. अंथरायला ओटचं सुकं गवत, वाळलेली हरळी, मारवेल असं मऊ पानाचं गवत चालतं. गोठ्यासाठी येणाऱ्या पेंढ्या स्वस्त पडतात, मात्र डोळे उघडे ठेवून घ्याव्या लागतात. कुसळी गवत त्यांतलं सगळ्यांत वाईट. माळरानावर सर्रास वाढणाऱ्या या गवताच्या कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि त्यावरचे बारीक केस मागे वळलेले, त्यामुळे कुसळ आत शिरतं तसं बाहेर येत नाही, हालचालीबरोबर पुढेच सरकतं. चालताना पायजम्यात घुसणारी कुसळं ती हीच. सशाच्या डोळ्याला, हिरडीला किंवा बोटांच्या बेचक्यात ती रुतली की गळू होतं. पेंढी सोडून पांढऱ्या चादरीवर झटकली की खाली पडलेली तपकिरी, लांब शेपटीची कुसळं लगेच दिसतात. दोन-चार दिसली तर वेचायची नाहीत, पेंढीच परत करायची. दुसरं बघायचं ते गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवत म्हणतात. वाळलेल्या पेंढीत त्याच्या पांढुरक्या बारीक फुलांचे झुपके ओळखू येतात. ते विषारी आहे, हाताळणाऱ्या माणसाच्या कातडीवरही पुरळ उठतं.

भाताचा पेंढा अंथरायला चालतो, खायला नाही. त्यात पोषण कमी आणि पात खरखरीत. कडब्याची ताटं जाड, चिरफळलेल्या कडा धारदार, म्हणून पायाखाली नकोत. लसूणघास मऊ असतो, पण त्यात कॅल्शियम भरपूर. मोठा ससा अंथरूण म्हणून घातलेला लसूणघासही फस्त करतो आणि मग लघवी दुधासारखी घट्ट येऊ लागते.

आणलेलं गवत थेट ट्रेत जात नाही. एक दिवस कडक उन्हात, मग लहान पुडक्यांत दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये, म्हणजे किडे आणि गोचिडी मरतात. बाहेर काढल्यावर पुन्हा उन्हात. गवताला वाळल्या पानासारखा वास आला पाहिजे. कुबट वास, राखाडी ठिपके, झटकल्यावर धुरासारखी पूड, यांतलं काहीही असलं तर बुरशी. ते गवत कुंडीत टाकायचं, सशाकडे नाही.

बसायच्या जागेसाठी कापडाकडे वळावं लागलं आणि तिथे बाजारातली जाहिरात पोटाच्या कसोटीला सरळ आडवी जाते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या गाद्यांत पॉलिफिल कापूस भरलेला असतो. ससा शिवण उकलतो, कापूस काढतो, खातो. ईव्हीए फोमच्या जोडायच्या रंगीत मॅट आणि योगा मॅट यांचंही तेच. कडेचे तुकडे चावून गिळले जातात. रबरी पाठ असलेलं बाथमॅट, तेही नको. प्लास्टिकच्या चटईच्या तुटलेल्या काड्या टोकदार होतात. रंग न दिलेली लव्हाळ्याची किंवा शिंदीची चटई मात्र झकास: कुरतडली तरी बिघडत नाही, पायाला पकड मिळते आणि उन्हाळ्यात गार राहते. भिजली तर वाळवायला वेळ लागतो, एवढीच तिची खोड.

टॉवेल सगळ्यांत आधी डोळ्यांसमोर येतो. टेरी टॉवेलच्या फाशांत सशाचं नख अडकतं, घाबरून तो झटका देतो आणि नख मुळासकट निघतं. सोलापूरची गंमत इथे आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं. एकाच गावची दोन कापडं, पण सशाच्या नखाला एक चालतं आणि एक चालत नाही. चादरीची वीण जाड, सपाट, बिनफाशांची. जुनी, धुऊन मऊ झालेली चादर दुहेरी घडी करून घातली की टाचेला पुरेसा आधार मिळतो. तिच्या दशा मात्र कापून कड दुमडून शिवून घ्यायची, नाहीतर ससा एकेक धागा ओढत बसतो. नवी चादर असेल तर रंग उतरणं थांबेपर्यंत धुवायची.

गोधडीबद्दल लोक आवर्जून विचारतात. मऊपणात तिला तोड नाही. अडचण तिच्या टाक्यांची आहे. धावदोऱ्याचा टाका लांबवर एकाच दोऱ्याने गेलेला असतो. सशाने तो एका ठिकाणी तोडला की वीतभर दोरा मोकळा होतो. तो बोटाला आवळला तर रक्त थांबतं, पोटात गेला तर आतडं गोळा करतो. आपण समोर बसलो असताना घालावी, रात्रीसाठी नाही. शिवाय सुती थर ओल धरून ठेवतात, वरून कोरडी वाटणारी गोधडी आतून ओली असते. हात घट्ट दाबून बघितल्याशिवाय कळत नाही.

फ्लीसचं कापड, म्हणजे मऊ लोकरीसारखं दिसणारं पॉलिस्टर, उलट वागतं: ओल स्वतःत न ठेवता खाली सोडतं, म्हणून त्याच्याखाली शोषणारा सुती थर द्यावा लागतो. नवं फ्लीस पाणी वरच थोपवतं, दोन-तीनदा गरम पाण्यात धुतल्यावर झिरपू देतं. फॅब्रिक सॉफ्टनर घालायचा नाही. तंतूंवर त्याचा थर बसतो, शोषण थांबतं आणि वासही राहतो. म्हाताऱ्या, सांधे आखडलेल्या किंवा टाच दुखावलेल्या सशासाठी फ्लीससारखी दुसरी चीज नाही. पण कापड चावणाऱ्या सशाला ते कधीच देऊ नये. आपला ससा कापड खातो का हे ओळखायला कापडाचा हातभर तुकडा देऊन आठवडाभर रोज कडा मोजून बघाव्यात. उकरून गोळा करतो तो ठीक, कडेला गोल भोकं पडत असतील आणि कापलेले तुकडे जमिनीवर सापडत नसतील, तर ते पोटात गेलेत. अशा सशाला गवत आणि कोरा पुठ्ठा एवढंच. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी, पिना आणि चकचकीत छपाईचा थर आधी सोलून काढायचा. कोणत्याही अंथरुणानंतर सशाने दहा-बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर वाट न बघता त्याच दिवशी सशांची माहिती असलेल्या डॉक्टरकडे न्यायचं.

पळायच्या जमिनीसाठी घट्ट विणीची सुती सतरंजी पुरते. व्हिट्रिफाइड टाइलवर सशाचे पाय फाकतात, पिल्लांच्या तर कमरेत दोष राहू शकतो. सतरंजीची टोकं ट्रेखाली आणि कपाटाखाली दाबून टाकली की सरकत नाही. पण सगळी जमीन झाकायची नाही. उन्हाळ्यात एक कोपरा उघड्या फरशीचा हवाच, शहाबादी असेल तर सोन्याहून पिवळं. सशाला घाम येत नाही, कानांतून तो उष्णता टाकतो आणि तिशीच्या वर त्याला त्रास सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात गवताचा जाड थर आणि फ्लीस दोन्ही काढून घ्यावेत, फरशी आणि चटई ठेवावी, जोडीला कापडात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली. कूलरचा झोत थेट गवतावर येऊ देऊ नये, रात्रभरात ते सादळतं.

पावसाळा मात्र सगळ्यांत अवघड. इतर वेळी ट्रे आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा केला तरी भागतं, जून ते सप्टेंबर तिसऱ्या दिवशी करावाच लागतो. नाक ट्रेजवळ नेऊन बघायचं. अमोनियाचा झणका आपल्याला लागला म्हणजे सशाला तो आधीपासून लागतोय. सततच्या अमोनियाने नाकाचं अस्तर सुजतं आणि शिंका, चिकट नाक सुरू होतं. ससा पुढच्या पायांनी नाक पुसतो, म्हणून पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस गुठळले आहेत का ते बघावं. दुसरी भीती माश्यांची. बुडाखालचे केस लघवीने किंवा मऊ लेंड्यांनी भिजलेले राहिले की माशी तिथे अंडी घालते, एका दिवसात अळ्या निघतात आणि त्या जिवंत कातडी खातात. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली बघणं, खिडक्यांना जाळी, आणि ओलं अंथरूण लगेच उचलणं, याला पर्याय नाही. अळी दिसली तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना. गवतही या दिवसांत पंधरवड्यापुरतंच आणायचं. सुती पिशवीत, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवायचं; अर्धवट वाळलेलं प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं की आतून घामेजतं.

ट्रेवर बसणारा पांढरा-पिवळा थर साबणाने निघत नाही. सशाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतं, तो थर चुन्याचाच असतो. पांढरं व्हिनेगर पाणी न घालता ओतायचं, फेस येतो, अर्ध्या तासाने ब्रशने घासलं की निघतो. रोजच्या पुसण्याला निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. फिनाइल, डेटॉल आणि डांबरगोळ्या सशाच्या खोलीत नकोत. ब्लीच वापरायचंच असेल तर लघवी पूर्ण धुऊन झाल्यावर, आणि व्हिनेगरशी त्याची गाठ पडू द्यायची नाही. अमोनियाशी काय किंवा व्हिनेगरशी काय, ब्लीचचा विषारी वायूच होतो. ट्रे शेवटी उन्हात पालथा.

ट्रेतून निघालेला पाला, पेलेटचा भुसा आणि लेंड्या ओल्या कचऱ्यात देण्यापेक्षा सोसायटीच्या कंपोस्ट पिटात टाकाव्यात. नुसत्या लेंड्या थेट कढीपत्त्याच्या कुंडीत घातल्या तरी मुळं जळत नाहीत. लाकडाचा भुसा मात्र कुजताना मातीतलं नायट्रोजन ओढून घेतो, म्हणून तो आधी दोन-तीन महिने पिटात मुरू द्यायचा आणि मगच कुंडीत घालायचा.